वळणावरचा वाटा

काकी,

तू गेलीस त्या दिवशी नव्या बांधाचे दोन्ही हात तयार होते. एक पूर्वेकडून आला होता, एक पश्चिमेकडून. दोन्हींच्या अंगावर शीळच्या खाणींतून आणलेला काळा दगड बसवून झाला होता. मध्ये मात्र, आपल्या खाचराच्या तोंडाशी, खिंडार तसेच होते, आणि ते तुझ्या नकारामुळे होते. चैत्र सरत आला होता. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता, पण गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आषाढ होता. तुला खांदा द्यायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तुझे तोंड पाहिले आणि निम्म्यांनी त्या खिंडाराकडे पाहिले. मी दोन्हींकडे पाहिले. मला रडू आले नाही. मनात एकच विचार आला, आणि तो तुला सांगितल्यावाचून मला पुढे काही लिहिता येणार नाही: आता सही माझी लागणार.

तू कधी जन्मलीस, केव्हा या घरात आलीस, हे मी लिहिणार नाही. जन्मसाल तर तुला स्वतःलाही ठाऊक नव्हते. कुणी विचारले तर "खार गोडी होती तवां" एवढेच तू सांगायचीस, म्हणजे खाडीकाठची जमीन अजून पिकत होती तेव्हा. आपला वाद जिथे तुटला तिथून तो पुढे न्यावा, एवढ्यासाठीच मी लिहायला बसले आहे. तुझे म्हणणे तुझ्यावाचून मांडताना मी तुझ्यावर अन्याय करणार नाही, असा माझा प्रयत्न राहील. उत्तर द्यायला तू नाहीस, हा अन्याय मात्र आधीच झालेला आहे आणि तो तू केलेला आहेस.

गावाबाहेरच्या कुणाच्या हाती हा कागद पडला तर त्याला समजावे म्हणून तुला माहीत असलेलेच थोडे सांगते. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीला टेकलेले आपले गाव. मोठ्या भरतीला खाडीचे पाणी आपल्या अंगणांपेक्षा उंच चढते. मध्ये असतो तो फक्त चिखलाचा बांध. तो सगळ्या गावाचा, पण सांभाळायचा मात्र घराघराने. प्रत्येक घराला त्यातला एक तुकडा वाटून दिलेला, आणि त्या तुकड्याला घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव. पावसाळ्यात पुनवेला आणि अवसेला उधाण येते तेव्हा प्रत्येक घरच्या माणसाने आपापल्या वाट्यावर उभे राहायचे. बांधाची राखण पाहणारे गावचे वडीलधारे नामाबाबा एका टोकापासून चालत निघतात आणि एकेका वाट्याचे नाव घेऊन हाक देतात. वाट्यावरच्याने "हाय!" म्हणून उत्तर द्यायचे. ज्या वाट्यावरून उत्तर येत नाही तो वाटा त्या दिवसापासून त्या घराचा राहत नाही. गाव त्याचे काय करायचे ते करते.

आणि बांध फुटून खांड पडली तर तिला त्या घराचे नाव पडते. आपल्या वळणावरची खांड बुजून माझ्या वयाएवढी वर्षे झाली. अजूनही तिथून जाणारा डोलकर वल्हे उचलून म्हणतो, "ही धर्माची खांड."

धर्माकाका म्हणजे तुझा नवरा, माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. त्या दिवशी उल्हास नदीला पूर होता, वारा पश्चिमेचा होता, आणि नामाबाबांनी भर दुपारी हाक दिली तेव्हा आपल्या वाट्यावरून उत्तर आले नाही. कारण काका त्या वेळी होडी घेऊन ठाण्याच्या वाटेवर होता. होडीत माझी आई होती, अडलेली. माझे वडील मिठागरावर पलीकडे अडकून पडले होते. ठाण्याच्या दवाखान्यात मी जन्मले, आई परत आली नाही, आणि काका रिकामी होडी घेऊन आला तेव्हा होडी थेट आपल्या दारापर्यंत आली; कारण दारापर्यंत पाणी होते. त्यानंतर काही पावसाळे गावात भाताचे बी रुजले नाही. वाटा गावाने काढून घेतला नाही, पण खांड काकानेच बुजवायची असे ठरवले; तो त्यातच खंगून गेला. माझे वडीलही पुढे तापाने गेले. घरात उरलो तू आणि मी, आणि बांधावरचा एक तुकडा.

त्यानंतरच्या पहिल्या उधाणाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मला आठवतेच असे वाटते. नामाबाबा हाक देत आले, "धर्माचा?" आणि बाईच्या आवाजात "हाय!" आले. ते थबकले. म्हणाले, "भागू, बायकांनी उधानाला बांधावं येवाचा नाय." तू कमरेला पदर खोचलेली, हातात फावडे. तू म्हणालीस, "मंग दुसरा बापय दे आनून, मी जातंव घरा." घरात पुरुषमाणूस उरलाच नव्हता; सगळा बांध हसला. नामाबाबा पुढे निघून गेले. त्यानंतर कुणी विषय काढला नाही, पण वाट्याचे नाव बदलले नाही. इतकी वर्षे बांध तू धरलास आणि हाक आली ती धर्माचीच.

"तुझ्यापायी खांड गेली," हे मला गावातल्या पोरांनी सांगितले, फार लवकर. बहुधा आट्यापाट्या खेळताना, मी जिंकत असताना. मी घरी आले आणि तुला काही विचारले नाही. तूही काही सांगितले नाहीस. आपण दोघींनी ही एकच गोष्ट आयुष्यभर कधी बोलून दाखवली नाही, आणि दोघींनाही ठाऊक होते की दुसरीला ठाऊक आहे.

त्याऐवजी तू माझ्याशी एक करार केलास. "शाला तुजी, बांध माजा." कल्याणच्या शाळेत घालायचे ठरले तेव्हा गावात कुजबुज झाली, मुलीला तिथवर पाठवायचे ती कशाला? तू कुणालाच समजावत बसली नाहीस. सकाळी माझे शाळेचे कपडे तू डोक्यावरच्या टोपलीत घ्यायचीस, मी जुने फडके गुंडाळून तुझ्यामागून खाजणातला चिखल तुडवायची, आणि स्टेशनजवळच्या विहिरीवर पाय धुऊन, कपडे बदलून मी शहरातली मुलगी व्हायची. तांब्यात निखारे भरून तू माझ्या पोलक्याला इस्त्री करायचीस. वर्गातल्या वकिलांच्या मुलींच्या पोलक्यांना तशी घडी नसायची. हे मी तुला कधी सांगितले नाही, आज सांगते. त्या घडीच्या जोरावर मी पुढच्या बाकावर बसले.

बांधावर मात्र उधाणाच्या दिवशी तू मला पाय ठेवू दिला नाहीस. मी हट्ट केला तर म्हणायचीस, "तुजे पाय शालेन." एरवी, ओहोटीच्या वेळी, मी तुझ्यामागून हिंडायची. खेकड्याचे बीळ दिसले की तू त्यावर टाच रोवायचीस, अंगठ्याने चिखल आत सारायचीस, पेंढ्याची मूठ कोंबायचीस आणि पुन्हा टाच. चालता चालता, माझ्याशी बोलता बोलता. तुझी उजवी टाच डावीपेक्षा रुंद झाली होती. तुला अखेरची आंघोळ घालताना बायकांनी ती पाहिली आणि त्या आपसांत काहीतरी बोलल्या.

आता वादाकडे येते.

मी विज्ञान का निवडले, हे मला मुलाखतींत विचारतात तेव्हा मी ठरलेले उत्तर देते. खरे उत्तर असे: धर्माकाका वाट्यावर असता तरी ती खांड पडलीच असती, हे मला सिद्ध करायचे होते. पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्यापुरते ते सिद्ध झाले. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाहाचा जोर सर्वांत अधिक असतो; तो काठ वरून दिसतो तसा झिजत नाही, पायथ्यातून पोखरला जातो. उन्हाळ्यात खाऱ्या चिखलाला भेगा पडतात, पावसाच्या गोड्या पाण्याने त्यातले मीठ निघून जाते आणि तो धरून राहत नाही. पूर, वारा आणि उधाण एकाच दुपारी आले तर तिथे एक माणूस असो की दहा, बांध जायचाच. मी घरी आले तेव्हा तू ओट्यावर सुकट निवडत होतीस. मी पाटीवर वळण काढले, बाण काढले, आणि तुला सगळे समजावून सांगितले. मला वाटले होते, मी तुझ्यासाठी काहीतरी घेऊन आले आहे.

तू नीट ऐकलेस. मग विचारलेस, "म्हंजे तो आसता तरी खांड गेली आसती?"

"गेलीच असती, काकी. त्याचा काही दोष नव्हता."

तुझे हात थांबले. तू पाटी जवळ ओढलीस. आणि म्हणालीस, "मंग मी इतकी वरसा कशी धरली?"

माझ्याजवळ उत्तर होते. तसे उधाण, तसा पूर आणि तसा वारा त्यानंतर पुन्हा एकत्र आले नव्हते. तुझे नशीब, दुसरे काही नाही. ते उत्तर माझ्या जिभेवर होते आणि मी ते दिले नाही. तू उठलीस, सुकटीची डोकी मांजरापुढे टाकलीस आणि मला भाकरी वाढलीस. त्या दिवसापासून तुझा प्रश्न आपल्या घरात तिसऱ्या माणसासारखा राहिला. काकाला निर्दोष ठरवणारे गणितच तुझी सगळी वर्षे पुसून टाकत होते, आणि दोन्हींना एकदम खरे ठरवणारे समीकरण मला मांडता येत नव्हते. अजून येत नाही.

मग सरकारची योजना आली. खाडीकाठचे जुने बांध उंच करायचे, दगडाने मढवायचे, लाकडी उघाडीच्या जागी पाणी बाहेर सोडून भरतीला आपोआप मिटणारी लोखंडी दारे बसवायची. ओव्हरसियर झेंड्या रोवत फिरले आणि त्यांनी रेषा आखली. ती वळणाला वळसा घालत नव्हती. वळण तोडून सरळ जात होती. आपला वाटा आणि त्यामागचे तांबड्या भाताचे खाचर खाडीच्या बाजूला राहत होते. त्यासाठी संमतीच्या कागदावर तुझी सही लागणार होती. गावात नकाशा वाचता येणारी मी एकटी; शिकलेली म्हणून लोक मला मास्तरीण म्हणायचे. देवळापुढे सगळ्यांनी मला विचारले, "काय गो मास्तरीन, बरोबर हाय का नाय?" मी नकाशा पाहिला. रेषा बरोबर होती. मी ओव्हरसियर असते तर तीच आखली असती. आणि तू समोर बसलेली असताना मी तसे सांगितले.

घरी आल्यावर भांडणाची सगळी तयारी मी केली होती. तू चुलीपाशी बसून म्हणालीस, "तुजा बरोबर हाय गो बाय. पन मी नाय देनार."

चुकीचे बोलणाऱ्या माणसाशी वाद कसा घालावा हे मला येते. माझे सगळे मुद्दे मान्य करून जागचे न हलणाऱ्या माणसाशी काय करावे, हे मला कुणी शिकवले नव्हते. मी किती प्रकारांनी प्रयत्न केला! बदल्यात जमीन मिळेल म्हणाले. "बरोबर हाय." हे वळण आज ना उद्या जाणारच म्हणाले. "जाईल. पन मी देऊन नाय जानार." गाव आपल्यावर रागावले आहे म्हणाले. तू नुसती हसलीस. गाव खरेच रागावले होते. विहिरीवर एकीने तुला सर्वांसमोर विचारले, "भागू, तुज्या वाट्यासाठी आमी बुराचा काय?" तू घागर उचलून म्हणालीस, "बुरलीस तं हाक मार मना. मी कारीन तुना." बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. मीही हसले नाही. कारण, तुझ्या वाट्यासाठी आम्ही का बुडायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता.

एक गोष्ट मी इथे झाकून ठेवणार नाही, ती झाकणे तुलाही आवडले नसते. तू मार्गशीर्षात होकार दिला असतास तर मधला भराव बाकीच्या बांधाबरोबर उभा राहिला असता आणि त्याचा चिखल सावकाश सुकून, बसून घट्ट झाला असता. दोन्ही हात पुढे सरकत राहिले आणि मधली जागा तुझ्यासाठी थांबली. जे काम सगळ्यांत आधी व्हायला हवे होते ते सगळ्यांत शेवटी आले. तुझ्या नकाराला किंमत होती. ती तुझ्या एकटीच्या अंगावर पडणारी नव्हती.

याच दिवसांत बंगलोरहून मला संशोधनासाठी जागा मिळाल्याचे कळले. चिकणमातीच्या रसायनावर काम करायचे होते. खाऱ्या पाण्यात ती कशी धरते आणि गोड्या पाण्यात का सोडते, हाच विषय. कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बाटल्या तपासण्याच्या नोकरीत माझा जीव रमत नव्हता. तुला सांगितले तेव्हा तू एकच विचारलेस, "बंगलोर खारीन हाय काय?"

"नाही. चांगले उंचावर आहे. समुद्र कुठच्या कुठे."

"मंग जा," तू म्हणालीस. आणि नंतर, जणू दुसरेच काही बोलत असल्यासारखी, "तू गेलीस कं मी बघीन काय कराचा त्या कागदाचा."

याचा अर्थ काय होता, काकी? मी गेल्यावर तू सही करणार होतीस? माझ्या डोळ्यांदेखत ते तुला करायचे नव्हते? की नुसता विषय मिटवलास? हे विचारायला मी पुढच्या रविवारी बसणार होते. त्या शुक्रवारी तू खाचरात जाऊन आलीस, पाणी मागितलेस आणि ओट्यावर टेकलीस ती उठलीच नाहीस.

तुझे बारावे झाले तोवर ओव्हरसियर आले नाहीत. माणूस सभ्य होता. तेराव्या दिवसानंतर आले, चपला अंगणात काढल्या.

"बाई, अशा वेळी येणे बरे दिसत नाही, मला कळते. पण पाऊस काही आपल्यासाठी थांबणार नाही."

"बसा," मी म्हटले.

नामाबाबा त्यांच्यामागून येऊन खांबाला टेकून बसले. ओव्हरसियरांनी नकाशा उलगडला. "तुम्ही स्वतः शास्त्राच्या पदवीधर आहात. तुम्हाला मी काय समजावणार?"

त्यांना समजावायचे खरेच काही नव्हते. माझेच सगळे मुद्दे त्यांच्या तोंडून माझ्याकडे परत आले असते. घराचा वारस म्हणून आता मीच होते. तुझ्या 'नाही'च्या जागी माझे 'हो' लिहायला कुणाची हरकत नव्हती, आणि माझ्या बुद्धीचीही नव्हती. तरी मी लेखणी उचलली नाही. मी विचारले, "मधल्या भरावाची माती कुठून आणणार?"

"जुन्या बांधाचीच. तयार आहे, जवळ आहे. रेषेबाहेर गेल्यावर त्याचा उपयोग तो काय?"

त्या क्षणापर्यंत तो विचार मला सुचलेला नव्हता. नवा भराव ओला असणार, बसलेला नसणार, पावसाआधी त्यावर दगड चढणार नाही. जुना बांध खणून काढला तर पहिल्या उधाणाचा मार थेट त्या ओल्या चिखलावर येणार. जुना उभा राहिला, निदान हा एक पावसाळा, तर लाट त्याच्यावर फुटेल आणि नव्याला बसायला सवड मिळेल. मी हे सांगितले. त्यांनी पेन्सिलीने नकाशावरच्या वळणाला खूण केली.

"मुद्दा बरोबर आहे. माती मी मागच्या खाजणातून आणवीन, थोडे अंतर पडेल. पण एक अडचण आहे. रेषेबाहेरच्या बांधाची देखभाल आमच्या योजनेत बसत नाही. ती कोण करणार?"

"गाव करील."

 नामाबाबा म्हणाले, "गाव नाय कराचा. वाटा घराचा आसतो, गो. घराशी कोन हाय आता?"

"एखादा गडी ठेवीन मी."

"गऱ्याच्या नावानी हाक मारू काय मी? उत्तर घरच्यानी देवाचा. नाय आला उत्तर, तं वाटा गावाचा. आन् गावाला माती पायजेच हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, खांबाकडे पाहत बोलले. त्यात दुष्टपणा नव्हता. पोरे त्यांच्याही घरात होती आणि नव्या बांधाची उंची अजून वाढवून हवी असलेले लोक त्यांच्याकडे रोज येत होते.

मी माझा मुद्दा एकेक विटेने नीट रचला होता आणि शेवटची वीट बसवल्यावर माझ्या लक्षात आले की मी आत आहे. जुना बांध राहिला पाहिजे, हे मी सिद्ध केले होते. तो राहण्यासाठी उत्तर देणारे माणूस पाहिजे, हे नामाबाबांनी सिद्ध केले. घरात माणूस एकच. बंगलोरला रुजू व्हायचे ते ऐन पावसाळ्यात. या मालिकेत कुठेही चूक नाही. मी ती अनेकदा तपासली आहे.

मी सही केली, आणि सहीवर अट लिहिली: जुन्या बांधाच्या मातीला हा पावसाळा सरेपर्यंत हात लावायचा नाही. आपले खाचर मी खाडीला दिले, काकी. तू जे देऊन जाणार नव्हतीस ते मी दिले, आणि तुझा वाटा ठेवून घेतला.

नंतर ओव्हरसियर मला रस्त्यात भेटले. बंगलोरचे त्यांना कुणीतरी सांगितले होते. छत्री मिटून ते कळकळीने म्हणाले, "अहो, तुम्ही जा. जुना बांध उद्या कुणी खणला तरी त्या एका दुपारी सगळे जुळून येण्याची शक्यता किती थोडी! अशी संधी पुन्हा येत नाही."

"तुमचे बरोबर आहे," मी म्हटले. "पण मी नाही जाणार."

ते निघून गेले आणि मी तिथेच उभी राहिले. ते वाक्य कुणाचे होते, हे मला बोलून झाल्यावर कळले.

बंगलोरला मी मुदत मागितली. जागा राखून ठेवता येत नाही, पुढे पुन्हा अर्ज करावा, असे उत्तर आले. उत्तर सभ्य होते. ते मी तुझ्या देव्हाऱ्याशी ठेवले नाही की चुलीत घातले नाही. माझ्या पुस्तकांत ठेवले आहे, कारण मी अर्ज करणार आहे. हे तुला ठाऊक असावे. मी इथे राहिले म्हणून कुणी मला थोर म्हणू लागले तर मला ते सहन होत नाही. मी रागावले आहे, काकी. तू होकार वेळेवर दिला नाहीस याचा राग आहे, आणि तू अशी चटकन गेलीस याचा. आणखी एक राग आहे, तो सर्वांत जुना: तू मला बांधापासून दूर ठेवलेस, शहाणी केलीस, आणि त्या शहाणपणानेच मला तुझ्या जागेवर आणून उभे केले. कृतज्ञताही आहे. ती वेगळी काढून दाखवता आली असती तर बरे झाले असते. पण या मिश्रणातले घटक वेगळे होत नाहीत.

मधला भराव पावसाआधी कसाबसा पुरा झाला. बोटाने दाबला तर बोट आत जाते. त्याच्या दोन्ही अंगांना दगडाचा बांध आहे आणि पुढे, वळणावर, तुझा वाटा. दोहोंच्या मध्ये आपले खाचर. यंदा मी त्यात काही पेरले नाही.

पुनवेचे उधाण काल होते. मी प्रयोगशाळेतून रजा घेतली. लुगड्याचा काचा मारला, तुझे फावडे घेतले. दांडा तुझ्या उंचीचा आहे, मला आखूड पडतो. पाऊस पडून गेला होता, वारा होता, फार नव्हता. बाकीचे सगळे नव्या बांधावर आपापल्या जागी उभे होते, कोरड्या दगडांवर, सवयीने आलेले. जुन्या बांधावर मी एकटी, त्या सगळ्यांच्या आणि खाडीच्या मध्ये. पाणी चढत होते. त्याचा रंग चहासारखा होता आणि ते वळणाशी येऊन कसे वळते, पायथ्याशी कसे घुसते, हे मला पाटीवर काढलेल्या बाणांसारखे स्पष्ट दिसत होते. फक्त पाटीवर त्याला आवाज नव्हता.

नामाबाबा हाका देत आले. आपल्यासमोर येऊन थांबले. खाचराच्या पलीकडून, हात तोंडाशी धरून, त्यांनी हाक दिली, "धर्माचा?"

मला वाटले होते की मी काही वेगळे म्हणेन. नाव बदला म्हणेन. तुझ्या पुऱ्या नावाने, भागीरथीचा म्हणा, असे सांगेन. मी म्हटले, "हाय."

"काय गो? कालेजान बोंबलाया नाय शिकवला? तुजी काकी बोंबलायची तं ठान्यान आयकू जायचा!"

बांध हसला. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "हाय!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नामाबाबांनी मान हलवली आणि ते पुढच्या वाट्याकडे गेले.

मग मला ते बीळ दिसले. बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, आतल्या उतारावर, बोटभर धार. मी त्यावर टाच ठेवली, अंगठ्याने चिखल सारला, पेंढा कोंबला, पुन्हा टाच. धार थांबली. भरती पुरी होऊन पाणी उतरू लागेपर्यंत मी तशीच उभी होते, आणि तेवढ्या वेळात मी तुझ्या प्रश्नाचा पुन्हा एकदा नीट विचार केला. इतकी वर्षे तू कशी धरलीस? प्रवाह मोठा होता, बांध कच्चा होता. तसे उधाण आले नाही म्हणूनच तो राहिला. एका टाचेने या वळणावर काही फरक पडत नाही. माझे उत्तर बदललेले नाही, आणि तुझ्यासमोर जे बोलले नव्हते ते मी तिथे मोठ्याने बोलून पाहिले. ऐकायला कुणी नव्हते. टाच बिळावर होती आणि मी ती उचलली नाही.